तपासली म्हणालो ती वही

उत्तम, परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला मी भर मंडपात खोटं बोललो.

नाचणगावला तुझ्या घरासमोर मंडप टाकला होता. वंदना झाली, तुझ्या फोटोला फुलं वाहून झाली, आणि मग एकेक जण बोलायला उठू लागला. जास्त करून तुझे विद्यार्थीच. कुणी डेपोत, कुणी तहसिलीत, एक जण तर स्वतः हेडमास्तर होऊन रिटायर झालेला, आणि सगळ्यांत जास्त तोच रडला. शेवटी माइक माझ्या हातात आला. "सरांचे पहिलीपासूनचे दोस्त, पुलगावचे कापडवाले मधुकाका," असं कुणीतरी सांगितलं. चारचौघांत उभं राहून बोलणं मला जमत नाही, तुला ठाऊकच आहे. तरी चार वाक्यं धड बोललो. पाचवं वाक्य ठरवलेलं नव्हतं. "उत्तमनं इंग्रजी शब्दांच्या जन्माची जी वही लिहिली," मी म्हणालो, "ती आजवर दोघांनीच वाचली. एक त्यानं आणि एक मी."

लोकांनी माना हलवल्या. तुझी सुजाता सेवाग्रामच्या दवाखान्यातली नर्सची ड्युटी सोडून चार दिवस आली होती. ती उठली आणि म्हणाली, "बाबांची वही आपण छापणार आहोत. मधुकाकांनी तपासली आहे." मी खाली बसलो. कुणीतरी पाण्याचा गिलास दिला, तो एका दमात संपवला.

वही मी वाचली नव्हती. एक पानसुद्धा नाही. ती माझ्या दुकानाच्या गल्ल्याखालच्या कप्प्यात, फाटक्या कापडी मीटरपट्टीखाली, दसऱ्यापासून पडून आहे.

तू गेल्यापासून मी दुकान वेळेवर उघडतो, पण माझं दुकान माझं राहिलेलं नाही. गिऱ्हाईक म्हणतं, खाकी दाखवा, आणि मला तुझा आवाज येतो, "खाक म्हणजे धूळ, मध्या. साहेबानं आपलीच धूळ अंगावर घातली अन् आपल्यावरच रुबाब केला." एक बाई नातवासाठी डंगरी शिवायला कापड मागायला आली. थान खाली काढता काढता तू कानाशी म्हणालास, मुंबईतल्या डोंगरीचं जाडंभरडं कापड ते, विलायतेला जाऊन शहाणं होऊन आलं. छिटाच्या थानाला हात लावला तर तिथेही तूच, छिटाचं इंग्रजांनी चिंट्झ कसं केलं ते सांगायला. "तुझ्या दुकानात अर्धी डिक्शनरी गुंडाळून ठेवली आहे बे, अन् तू ती मीटरवर विकून राह्यला," असं तू म्हणायचास तेव्हा मी हसायचो. आता ती सगळी थानं बोलतात आणि मला हसू येत नाही. बायको म्हणाली, "तुम्ही दिवसभर कोणाशी पुटपुटता?" मी म्हणालो, भाव पाठ करतो.

तुझा स्टूल अजून काउंटरच्या डाव्या बाजूलाच आहे. त्यावर कुणी बसू लागलं की मी उगाच त्याला दुसरीकडे बसवतो, पंख्याचा वारा इकडे चांगला लागतो वगैरे सांगून. शाळा सुटली की तू सायकल भिंतीला लावायचास आणि आत येण्याआधी एकदा खाकरायचास. रिटायर झाल्यावरही तीच वेळ, तेच खाकरणं. चार दिवसांपूर्वी ते मी पुन्हा ऐकलं. हातातली कात्री ठेवून बाहेर जाऊन पाहिलं. समोरचा पानवाला म्हणाला, "काय झालं काका?" काही नाही म्हणून आत आलो, आणि कापड वाकडं कापलं गेलं.

तुझ्यासारखा मास्तर मी दुसरा पाहिला नाही, हे तुझ्या तोंडावर कधी म्हणालो नाही. तुझी ती खोड अख्ख्या पुलगावला माहीत होती. प्रत्येक तासाला तू फळ्यावर एक गोष्ट मुद्दाम चुकीची लिहायचास. आधी सांगायचं नाही, नंतरही नाही. ज्याला चूक सापडेल त्यानं उभं राहून सरांशी भांडायचं, आणि तो जिंकला तर तास संपेपर्यंत सरांच्या खुर्चीत बसायचं. तू खाली, पोरांच्या बाकावर. पहिल्या वर्षी हेडमास्तरांनी तुला बोलावून झापलं होतं. तू म्हणालास, "पोरं माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवून राह्यले तर मी काय शिकवलं?" हे तू मला त्याच दिवशी दुकानात येऊन सांगितलंस. मी तेव्हा हेडमास्तरांच्याच बाजूनं बोललो होतो, तेही आठवतं.

माझ्याशी तर तू रोजच भांडायचास. एकदा एप्रिलात स्कूटरवरून हिंगणीला तुझ्या मावसभावाकडे गेलो आणि तिथून बोर धरणाकडे. जंगलाच्या तोंडाशी स्कूटर थांबवून तू म्हणालास, जंगल हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून घेतला, पण मुळात त्याचा अर्थ झाडी नव्हताच. कोरडी, उघडी जमीन. मी म्हणालो, डोकं तपासून घे, समोर काय दिसते? तू शांतपणे हात केलास. साग पानं टाकून उभा होता, खाली नुसता पाचोळा आणि भेगा. "दिसते ना कोरडं?" तू म्हणालास. सेलूपर्यंत आपण भांडलो. तिथे भजी खाल्ली आणि पुन्हा वर्ध्यापर्यंत भांडलो. मला अजूनही पटलेलं नाही. पण त्या दिवसाइतका मोकळा मी नंतर फार वेळा नव्हतो, आणि ते तुझ्यामुळे होतं.

एकदा मी वरच्या फळीवरून थान उतरवताना तू माझ्या दंडाला बोट लावलंस. "मसल म्हणजे लहानसा उंदीर. रोमन लोकांना दंडात उंदीर पळतो असं वाटे." मी म्हणालो, आपल्याकडे बेटकुळी म्हणतात, म्हणजे बेडकीच झाली ना. तू पेन काढलंस आणि म्हणालास, "हे मले सुचलं नाई लेका. लिहून घेतो." मॅट्रिकला दोनदा नापास झालेल्या माणसाचं बोलणं तू वहीत उतरवून घ्यायचास. घरी मला कुणी इतकं मनावर घेत नसे.

आता वहीचं. दसऱ्याला तू दीक्षाभूमीवरून आलास, नेहमीसारखी पुस्तकांची पिशवी भरून. त्याच पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची लांब वही काढून काउंटरवर ठेवलीस. "झाली," म्हणालास. सगळ्या नोकरीभर जमवलेले शब्द, ए पासून झेड पर्यंत, प्रत्येकाची दहा-बारा ओळींत जन्मकथा. मी म्हणालो, मला इंग्रजीतलं काय कळतं? तू म्हणालास, "मराठीत लिवलं आहे. मास्तरांसाठी नाई, दुकानदारांसाठी लिवलं. तू वाच अन् मंग छापू."

तेवढ्यावर थांबला असतास तर कदाचित मी वाचलीही असती. पण तू स्वतःच एक पान उघडलंस आणि वाचून दाखवू लागलास. शब्द होता पॅरिया. इंग्रजी पेपरात आजही येतो, चारचौघांनी टाकलेल्या माणसाला म्हणतात, देशालाही म्हणतात. तू लिहिलं होतंस की शब्द तमिळ मुलखातला, तिथे ढोल वाजवणाऱ्यांची एक जात, तिचं ते नाव. इंग्रजांनी नाव उचललं आणि ढोल तिथेच ठेवला. पुढे अजून बरंच होतं. ते पान इतर पानांपेक्षा गच्च भरलेलं होतं.

मी मध्येच म्हणालो, "हे कशाले टाकतो? पोरं वाचतीन. हलकंफुलकं राहू दे ना. उंदीर, बेडकी, असं."

तू वही मिटलीस. "तुले जड गेलं काय?"

"मले काऊन जड जाईन?"

"बरं," म्हणालास. चहा अर्धा ठेवून उठलास. वही मात्र नेली नाहीस.

मला जड गेलंच होतं. तू वाचत होतास तेव्हा मला आमच्या जुन्या घराची ओसरी दिसत होती. आपण चौथीत असू. शाळेतून तू माझ्याबरोबर यायचास, आई आपल्याला चहा द्यायची. माझी कपबशी, तुझा पितळी पेला. तो पेला खिडकीत पालथा घातलेला असायचा आणि चहा झाला की तू तो स्वतः विसळून पुन्हा तिथेच ठेवायचास. आईनं तुला तसं सांगितलेलं मी कधी ऐकलं नाही. तुला कुणी सांगायची गरज पडली नव्हती, हेच आता झोंबतं. मी ते रोज पाहत होतो. आई गेली, ते घरही विकलं, आपण सत्तरी ओलांडली. त्या पेल्याबद्दल तू बोलला नाहीस आणि मीही नाही. तुझ्या घरी मला कधी वेगळ्या कपात चहा मिळाला नाही, हे मात्र मी लोकांना कौतुकानं सांगत आलो. लाज वाटते, उत्तम. हे मला तू जिवंत असताना म्हणायचं होतं.

म्हणून मी वही उघडली नाही. त्या पानाच्या पुढे काय असेल आणि आणखी कुठल्या पानावर आमची ओसरी निघेल, याची भीती वाटली. लग्नसराई आहे, म्हणालो. मग डोळ्यांचं कारण सांगितलं. संक्रांतीपर्यंत तू चारदा विचारलंस आणि नंतर विचारणं सोडलंस.

मग दवाखाना. मी आलो तेव्हा नाकात नळी होती, तरी तुझं सुरूच. "ही कॉट पाह्यली? आपली खाट. साहेब घेऊन गेला अन् लोखंडाची करून परत आणली." सुजाता ओरडली, बाबा, बोलू नका, तुम्ही पेशंट आहात. तू म्हणालास, "पेशंट म्हणजे सोसणारा. मी सोसून राह्यलो, म्हणून बोलतो." ती हसत बाहेर गेली. मग तू माझ्याकडे वळून विचारलंस, "वाचली काय?"

तुझा चेहरा उतरलेला होता. त्या चेहऱ्याला मी नाही म्हणू शकलो नाही, असं मी स्वतःला गेले कित्येक दिवस सांगतो आहे. खरं म्हणजे नाही म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.

"वाचली," मी म्हणालो. "सगळं बरोबर आहे."

"सगळं?"

"सगळं."

तू डोळे मिटलेस. ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसू आलं असं मला वाटलं, आणि मी ते समाधान समजलो. निघताना मी दारातून गुडबाय म्हटलं, तुला चिडवायला. त्या शब्दाच्या पोटात देव दडलेला आहे म्हणून तू तो कधी वापरायचा नाहीस. तू हात वर केलास आणि म्हणालास, "उद्या येजो." दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा कॉट रिकामी होती आणि सुजाता तुझे कपडे घडी करत होती.

पुण्यानुमोदनाहून परतल्यावर मी पहिल्यांदा मीटरपट्टी बाजूला करून वही बाहेर काढली. बोट घालून कुठेतरी उघडली. एच निघाला. हाँट. तुझं अक्षर, किंचित डावीकडे झुकलेलं. "भूत झपाटतं, तेवढाच अर्थ आपल्याला ठाऊक. पण आधी यात भूत नव्हतं. जुन्या फ्रेंचमध्ये याचा अर्थ नुसता एखाद्या जागी वरचेवर जाणं-येणं. त्याच्याही मागे घर या अर्थाचा शब्द असावा, असं काही जाणकार म्हणतात. नक्की नाही. भूत फार नंतर आलं." मी वही मिटली. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं, तरी स्टुलाकडे पाहायचा धीर झाला नाही.

आणि मग एकदम ते लक्षात आलं. ज्या माणसानं अख्खी नोकरी फळ्यावर रोज एक चूक पेरली, तो वही चुकीशिवाय लिहील? तू विचारलं होतंस, सगळं? आणि मी म्हणालो होतो, सगळं. तुला त्याच क्षणी कळलं. मी दुकान अर्ध्यातच बंद केलं. तुझ्या नावानं पुस्तक निघणार, त्यात तूच पेरलेलं खोटं तसंच छापलं जाणार, आणि पुढची पोरं सर चुकले असं म्हणणार. ते थांबवायचं तर मला खरं बोलणं भाग होतं.

काल सकाळी नाचणगावला गेलो. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. सुजाता परत जायला बॅग भरत होती. मी चप्पल काढायच्या आधीच म्हणून टाकलं, "सुजाता, मी बाबाची वही वाचली नाई."

"माहीत आहे काका," ती म्हणाली. "बसा."

"कसं माहीत?"

"बाबांनी त्याच दिवशी सांगतलं. म्हणे, मध्या म्हणते सगळं बरोबर आहे, म्हणजे उघडून पण नाई पाह्यली."

"मंग मंडपात तू काऊन म्हटलं, काकांनी तपासली म्हणून?"

तिनं बॅगेची चेन लावली. "तुम्ही बोलून बसले होते. एवढ्या लोकांसमोर तुमाले खोटं पाडू काय? बाबाले आवडलं नसतं." मग म्हणाली, "वही अशीच छापणार नव्हतो आमी. बाबांनी बजावून ठेवलं, काका भांडायले येईन, मंगच छापजा."

"किती चुका आहेत?"

"ते नाई सांगतलं."

मी म्हणालो, एवढे मास्तर, एवढे शिकलेले विद्यार्थी, उत्तमला मीच कसा सापडलो? त्यावर वहिनींनी तांदळाचं सूप खाली ठेवलं. त्या माझ्याशी फार बोलत नाहीत, आजवर कधी बोलल्या नाहीत. "मी पण हेच इचारलं होतं त्याइले," त्या म्हणाल्या. "ते म्हणे, मध्यानंच वाचलं पाह्यजे. बाकीच्याइले ठाऊकच आहे."

मला पॅरियाचं ते गच्च भरलेलं पान आठवलं. वहिनी आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. तो मला नीट पिता आला नाही.

आज सकाळपासून वाचतो आहे, पहिल्या पानापासून, काउंटरवर वही उघडी ठेवून. गिऱ्हाईक आलं की पानात मीटरपट्टी घालतो, गेलं की पुन्हा सुरू. पी, म्हणजे पॅरियाचं पान, अजून लांब आहे. तिथे पोचलो की पान उलटणार नाही, पुढे जे काही लिहिलं असशील ते सगळं वाचीन. पेल्याबद्दल लिहिलं असलंस तर तेही. नसलं तर मी समासात लिहीन, आणि ते छापलं तरी चालेल.

दुपारी सी लागला आणि तिथे पहिली चूक सापडली. कॅलिको. मांजरपाटाच्या जातीचं साधं सुती कापड. तू लिहिलं आहेस की हे नाव कलकत्त्यावरून पडलं. अरे, नाव कालिकतचं आहे, खाली केरळातल्या बंदराचं. आणि हे तुला कुठल्या डिक्शनरीनं सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं. माझ्या वडिलांनी मला सांगितलं होतं ते मी तुला, या इथेच, तू नवा मास्तर झालास त्या वर्षी. तू त्या रात्री पुस्तकात पाहून दुसऱ्या दिवशी धावत आलास आणि म्हणालास, खरं आहे बे, तू बरोबर आहे. तुला विसर पडणं शक्य नव्हतं. ती चूक तू माझ्यासाठी टाकलीस. मी निम्म्या मनानं पानं चाळली असती तरी सापडली असती, इतकी सोपी टाकलीस.

दुकानात कुणी नव्हतं. मी वही उचलून मोठ्यानं म्हणालो, "उत्तम, हे चूक आहे. कलकत्ता नाई, कालिकत." मग थांबलो. आता बोलायची पाळी तुझी होती.